प्रार्थनेतला ‘च’

“मॅडम, ही माझी महत्त्वाकांक्षा आहे की देवाची योजना, हे मला कसे कळणार?” गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्या ख्रिस्ती तरुणांकडून ऐकला आहे की आता तो अर्धा उच्चारला तरी मला पुढचे समजते. लातूरच्या रिपीटर बॅचमधली मुले विचारतात, छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांसाठी वर्षे घालवणारे विचारतात. विचारणाऱ्याच्या मनावर बहुधा अपयशाचे ओझे असते, आणि त्यावर आणखी एक जड ओझे चढलेले असते: आपला विश्वास कमी पडला, म्हणून देवाने दिले नाही. अशा एका मुलीबरोबर पाच महिने झालेल्या समुपदेशनाच्या भेटींचे सार येथे मांडते. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिला आपण रूथ म्हणू.

रूथचे घर जालन्याकडचे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले, तेव्हापासून या परिसरात विश्वासाची परंपरा आहे, आणि रूथच्या घरातही ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. रूथ सातव्या महिन्यात जन्मली. ती काचेच्या पेटीत असताना आईने नवस केला होता, “प्रभू, ही वाचली तर हिला डॉक्टर करून तुझ्या सेवेला देईन.” प्रत्येक वाढदिवसाच्या प्रार्थनेत रूथने हे ऐकले होते. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचे दोन प्रयत्न झाले होते आणि तिसऱ्यासाठी ती लातूरला खोली घेऊन राहत होती. 720 पैकी मिळालेले गुण सांगताना तिचा आवाज स्थिर होता. तो कापला नंतर, “देव माझ्यावर नाराज आहे” असे म्हणताना.

अशा वेळी पवित्र शास्त्र उघडण्याआधी मी झोप, जेवण आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार यांची सरळ चौकशी करते. रूथची झोप तीन तासांवर आली होती, म्हणून तिला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले आणि त्यांचे उपचार आमच्या भेटींबरोबर चालू राहिले. “प्रार्थना वाढव, सगळे ठीक होईल” एवढे सांगून अशा मुलांना परत पाठवू नये, अशी माझी सर्व पाळकांना आणि वडीलधाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक प्रत्येक मंडळीच्या (चर्चच्या) फलकावर असायला हवा.

रूथच्या मोबाइलच्या कव्हरमध्ये एक कार्ड होते. त्यावर यिर्मया 29:11 हे वचन होते, ज्यात परमेश्वर आपल्या लोकांना सांगतो की तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. कार्डाच्या कडा मऊ पडल्या होत्या, अक्षरे पुसट झाली होती. मी तिला तो अध्याय पहिल्या ओवीपासून वाचायला सांगितले. बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवासात नेलेल्या यहूदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेले ते पत्र आहे. दोन वर्षांत सगळे परत येईल, असे हनन्या नावाच्या संदेष्ट्याने आधीच्या अध्यायात लोकांना सांगितले आहे. यिर्मयाचे पत्र मात्र म्हणते, घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. दहाव्या ओवीवर रूथ थांबली.

“सत्तर वर्षे?” तिने विचारले. “म्हणजे ज्यांनी हे पत्र वाचले, त्यांतले कितीतरी जण परत गेले नसतील?”

“हो. आणि तरीही हे पत्र त्यांच्यासाठी होते.”

“मी तर याला निकालाची तारीख समजत होते,” ती म्हणाली.

पुढच्या भेटीत मी तिला तिची रोजची प्रार्थना कागदावर उतरवायला सांगितली. तिने लिहिले: ‘प्रभू, मला याच वर्षी सरकारी कॉलेज मिळायलाच हवे. मला डॉक्टर व्हायचेच आहे. आईचा नवस फेडायलाच हवा.’ मी लाल पेन पुढे केले आणि प्रत्येक ‘च’भोवती गोल करायला सांगितले. तिने चार गोल केले आणि कागद बराच वेळ समोर धरला. खाली रस्त्यावर भाजीची गाडी थांबून पुढे निघून गेली, तरी ती बोलली नाही. मग हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, ही प्रार्थना नाही. मी देवाला नोटीस पाठवली आहे.”

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजके येतात आणि ते मी जपून ठेवते. ‘हवे’ आणि ‘हवेच’ यांतला फरक माझ्या कामाचा पाया आहे. तो मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांतून शिकले. एलिस स्वतः देव मानत नव्हते, पण त्यांनी शिकवलेला हा फरक मला गेथशेमाने बागेत सर्वांत स्पष्ट दिसतो. अटकेपूर्वी तिथे प्रार्थना करताना येशूने आपली इच्छा लपवली नाही. हा प्याला माझ्यापासून दूर कर, असे तो पित्याला उघडपणे म्हणाला, आणि त्यानंतर माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असे म्हणाला. इच्छा मोठ्याने बोलली गेली. तिच्यातला हट्ट तेवढा गळाला. देवावर विश्वास ठेवणे म्हणजे मनातली इच्छा मारणे, असे शिकवणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही. प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या 15व्या अध्यायात रोमवरून स्पेनला जाण्याचा बेत तपशिलाने सांगतो. तो रोमला पोहोचला, पण बेड्यांत. बेत आखल्याबद्दल पवित्र शास्त्र त्याला दोष देत नाही.

आईला समजावणे अधिक कठीण होते. “मी प्रभूला शब्द दिलाय,” एवढे एक वाक्य त्या पुन्हा पुन्हा बोलत. त्यांना मी हन्नाची आठवण करून दिली. हन्नाने मूल परमेश्वराला देण्याचा नवस केला, मूल मंदिरात सोडले, आणि दरवर्षी ती त्या मुलासाठी, शमुवेलासाठी, एक लहान झगा शिवून नेत असे, असे पहिल्या शमुवेलाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. मी विचारले, “ताई, वाढत्या मुलाचा झगा दरवर्षी त्याच मापाचा कसा चालला असेल? तिला माप पुन्हा घ्यावे लागले असेल ना?” त्यांनी डोळ्यांना पदर लावला. वीस वर्षांपूर्वी पेटीतल्या बाळासाठी त्यांनी पांढरा कोट मनात शिवून ठेवला होता, आणि समोर बसलेल्या मुलीचे माप त्यानंतर कधी घेतले नव्हते. खरे तर देवाला दिलेल्या वस्तूचे काय करायचे, हे देणाऱ्याने ठरवायचे नसते. आणि ही गोष्ट मलाही त्या दिवशी त्यांच्याशी बोलता बोलता पहिल्यांदा इतकी स्पष्ट कळली.

जे आईवडील हे वाचत आहेत, त्यांनी एवढे करावे. मुलांना ‘देवाने तुला यासाठी ठेवले आहे’ असे सांगण्याआधी त्यांचा कल विचारावा, आणि निकालानंतर मंडळीसमोर साक्ष द्यायला उभे करण्याची घाई करू नये. तरुणांनी ‘देवाची इच्छा’ म्हणून अभ्यास सोडू नये. घरे बांधा आणि बागा लावा ही आज्ञा त्याच पत्रात आहे. निर्णय मात्र निकालाच्या आठवड्यात घेऊ नये. मन शांत असताना, प्रार्थनेत आणि आपल्याला नीट ओळखणाऱ्या दोन-तीन माणसांशी बोलून तो घ्यावा.

रूथने तिसऱ्यांदा परीक्षा दिली. आधीच्या दोन्ही वर्षी तिने पसंतीक्रमाच्या अर्जात एमबीबीएसखेरीज काही भरले नव्हते; या वेळी फिजिओथेरपीही भरली, आणि तिथे प्रवेश मिळाला. आई अजून अधूनमधून “आणखी एकदा बसून बघ” म्हणतात. तेव्हा रूथ चिडत नाही, रडतही नाही. अर्धांगवायू झालेल्या आजीच्या हाताची बोटे एकेक करून उघडताना ती आईला शेजारी बसवते आणि म्हणते, “आई, आधी हिच्यासाठी प्रार्थना कर.”