पाण्यावर चालणारा पंप? फ्युएल सेलबद्दल थोडं सविस्तर

राम राम भाऊ. कृषी प्रदर्शनात एका विक्रेत्याने तुम्हाला "पाण्यावर चालणारा फ्युएल सेल" दाखवला. विहिरीवरची 5 एचपीची मोटर त्यावर रात्रंदिवस चालेल, लाईनची वाट पाहायला नको, डिझेल नको, असं सांगून बुकिंगचे पैसे मागितले. द्यायचे का, असं तुम्ही विचारलंय. देऊ नका. फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून वीज करणारं साधन, ही गोष्ट मात्र खरी आहे, आणि मला फार आवडते, म्हणून नीट सांगतो.

पाणी हे इंधन नाही. हायड्रोजन जळून गेल्यावर जे उरतं ते पाणी. चुलीतल्या राखेला पुन्हा जाळ लागत नाही, तसंच हे आहे. पाण्यातून हायड्रोजन परत काढता येतो, पण त्यासाठी आधी वीज घालावी लागते, आणि ती मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्तच लागते. ह्या हिशोबातून कोणत्याही कंपनीची सुटका नाही.

आता सेल चालतो कसा ते बघा. जिनिंगमध्ये कापूस घातला की सरकी जाळीतून खाली पडते आणि रुई रोलरवरून पुढे जाते. सेलमध्ये हायड्रोजनची अशीच फाटाफूट होते. एका बाजूने हायड्रोजन आत येतो, तिथे प्लॅटिनमचा अगदी पातळ थर असतो, त्यावर त्याचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. मध्ये प्लॅस्टिकच्या कागदासारखा एक पडदा असतो. त्यातून प्रोटॉन पलीकडे जातात, इलेक्ट्रॉनला मात्र तो वाट देत नाही. म्हणून इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेने वळसा घालून जातात, आणि हा वळसा म्हणजेच आपली वीज. पलीकडे हवेतला ऑक्सिजन थांबलेला असतो, तिथे सगळे भेटतात आणि पाणी तयार होतं. ना ज्वाळा, ना पिस्टन, ना धूर.

एका सेलमधून कागदावर 1.23 व्होल्ट निघायला हवेत, पण लोड टाकला की हाती 0.6 ते 0.7 येतात. म्हणून पापडांच्या चळतीसारखे सेल एकावर एक रचतात. 48 व्होल्टसाठी सत्तरेक सेल लागतात. बॅटरीशी फरक एवढाच की बॅटरीचा माल तिच्या पोटातच असतो, सेलला तो बाहेरून सतत पुरवावा लागतो. पुरवठा थांबला की सेल थांबला. 1970 च्या एप्रिलमध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो 13 यानाची ऑक्सिजनची टाकी फुटली. यानाची वीज फ्युएल सेलवर होती आणि पिण्याचं पाणीही त्याच सेलमधून यायचं. सेल बंद पडले तशी दोन्हींची टंचाई एकदमच झाली.

आता तुमच्या मोटरीचा हिशोब करू. 5 एचपीची मोटर तासाला साधारण साडेचार युनिट ओढते, चार तासांचे 18 युनिट. एक किलो हायड्रोजनमध्ये 33 युनिट ऊर्जा असते, त्यातली निम्मी, म्हणजे 16-17 युनिट, सेलमधून हाती येते. म्हणजे चार तासांच्या ओलिताला किलोभराहून थोडा जास्तच हायड्रोजन हवा. तो पाण्यापासून काढायला किलोमागे 50 ते 55 युनिट वीज आणि किमान 9 लिटर शुद्ध पाणी लागतं. विहिरीचं चालत नाही. आता साठवणीचं बघा. साध्या दाबावर एवढा वायू 12-13 हजार लिटर जागा घेतो, उन्हाळ्यात गावात येणाऱ्या पाण्याच्या मोठ्या टँकरएवढी. तो आटोपशीर टाकीत कोंबायचा तर 350 बार दाब लागतो. ट्रकच्या चाकात 8 बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज करा.

सोलर पॅनलची वीज सरळ मोटरीला दिली तर हे सगळे फेरे वाचतात. दिवसा पाणी टाक्यात किंवा शेततळ्यात चढवून ठेवा, तीच तुमची बॅटरी. रात्री अंधारात, सापकिड्यात वावरात उभं राहायची पाळी कोणावर येऊ नये असं मलाही मनापासून वाटतं, पण त्यावरचा उपाय हाच.

गोबर गॅसवर सेल चालेल का, हेही तुम्ही विचारलंय. वर सांगितलेला पडद्याचा सेल चालणार नाही. गोबर गॅसमध्ये मिथेन असतो, आणि कुजक्या अंड्याचा वास असतो तो हायड्रोजन सल्फाइड प्लॅटिनमला विषासारखा भिनतो. 600 अंशांच्या वर तापणारे सिरॅमिकचे सेल मिथेन पचवतात, पण त्यांनाही गॅस आधी स्वच्छ करून द्यावा लागतो. तुमचा गोबर गॅस चुलीवरच बरा.

मग हे तंत्र कुठे शोभतं? जिथे बॅटरी फार जड होते किंवा भरायला फार वेळ खाते तिथे. लांब पल्ल्याच्या बस, गोदामातली फोर्कलिफ्ट, पाणबुडी. आपल्या अंबरनाथच्या नौदल प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फॉस्फोरिक ॲसिडचा सेल बनवला, मार्च 2021 मध्ये त्याची जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली. पुण्यात देशी सेलवरची बस 2022 च्या ऑगस्टमध्ये लोकांसमोर आली. हे वाचताना मला खरोखर अभिमान वाटतो.

तुमच्या पुतणीला विज्ञान प्रदर्शनात हे दाखवायचं असेल तर लहान किट जरूर घ्या. मी आयटीआयमध्ये निदेशक असताना असंच एक मागवलं होतं. सोलर पॅनलवर ऊन पडलं की त्या विजेने पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटून नळ्यांत बुडबुडे चढायचे, मग पॅनल काढून सेलला बोटभर पंखा जोडला की तो फिरू लागायचा आणि नळीच्या टोकाला पाण्याचा एक थेंब जमायचा. पोरं तो थेंब बघायला एकमेकांच्या खांद्यावरून वाकायची. पण एकदा घाईत बोअरचं पाणी घातलं गेलं, त्यातल्या क्षारांनी पडदा खराब झाला. दुसरा मागवला, तो मे महिन्यात टिनाच्या खोलीत राहिला आणि 45 अंशांच्या उन्हात वाळून गेला. वाळलेल्या पडद्यातून प्रोटॉन जात नाहीत. म्हणून डिस्टिल्ड वॉटरच घाला, काम झालं की सेल ओला असतानाच घट्ट पिशवीत बंद करा आणि माठाजवळ, सावलीला ठेवा.