वाचकांचे प्रश्न : महाविद्यालयाच्या वतीने बोलताना

प्रवेश, पावसाळा आणि निकाल ही तिन्ही कामे एकाच वेळी अंगावर येतात, तेव्हा महाविद्यालयांची प्रसिद्धी, संकेतस्थळ आणि जनसंपर्क सांभाळणाऱ्यांची पत्रे या सदराकडे जास्त येतात. या वेळी निवडलेली पाचही पत्रे कोल्हापूर जिल्ह्यातील आहेत. त्यांतील एक पालकाचे आणि एक संस्थेच्या सचिवांचे आहे, कारण या कामाच्या अडचणी ते करणाऱ्याइतक्याच ते करून घेणाऱ्यांकडूनही कळतात. लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी गडहिंग्लज तालुक्यातील एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. प्रसिद्धी समितीचे काम अतिरिक्त म्हणून माझ्याकडे आहे. कार्यक्रमांच्या बातम्या, संकेतस्थळ, इन्स्टाग्राम, नॅक या महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठीची कात्रणे असे सगळे मीच पाहते आणि तरीही सकाळी पहिला प्रश्न असतो, "मॅडम, आज आपली बातमी का नाही?" यातले किती काम माझे आणि किती नाही?

उत्तर : आपली अडचण एकटीची नाही. बहुतेक अनुदानित महाविद्यालयांत या कामासाठी स्वतंत्र पद नसते. ज्याचे मराठी बरे आहे किंवा ज्याला मोबाईल हाताळता येतो, त्याच्या गळ्यात ते पडते, आणि तासिका तत्त्वावर काम करणारा तरुण सहकारी असेल तर त्याला नाही म्हणण्याचीही सोय नसते. म्हणून पहिली गोष्ट अशी करा की प्राचार्यांकडून लेखी आदेश घ्या. त्यात कामाची व्याप्ती, मजकुराला अंतिम मंजुरी कोण देणार, प्राचार्य गावी नसताना पत्रकारांशी कोण बोलणार आणि या कामाच्या बदल्यात आपले कोणते दुसरे काम कमी होणार, हे चारही मुद्दे असू द्या. शेवटच्या मुद्द्यावर बहुधा टाळाटाळ होईल. तरी तो लिहून मागावा.

बातमीविषयी थोडे स्पष्ट लिहितो. कोल्हापूरच्या दैनिकांनी गावोगावच्या महाविद्यालयांना वर्षानुवर्षे जागा दिली आहे, परंतु तालुक्याच्या पानावर येणाऱ्या प्रसिद्धिपत्रकांपैकी बरीचशी अशी असतात की त्यांतून अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्रास्ताविक, सूत्रसंचालन आणि आभार यांची नावे वगळली, तर हाती काही उरत नाही. फोटोत असलेल्यांखेरीज कोणाला त्याचे सोयरसुतक नसेल, तर तो मजकूर संकेतस्थळावर टाकावा आणि दैनिकाला पाठवू नये. उलट आपल्या विद्यार्थ्यांनी आजऱ्याच्या बाजारात काजूच्या भावाची नोंद ठेवली असेल, तर तिचे निष्कर्ष पहिल्या परिच्छेदात आणि प्राचार्यांचे नाव शेवटच्या परिच्छेदात घालून पाठवा. बातमीदार स्वतःहून फोन करील. हा क्रम प्राचार्यांच्या गळी उतरवणे मात्र बातमी लिहिण्यापेक्षा अवघड आहे, हे मला मान्य आहे.

कात्रणांचे वेड मुख्यतः नॅकमुळे वाढले. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने मूल्यांकनाची पद्धत अनेकदा बदलली, आणि २०१७ च्या सुधारित पद्धतीत तर विद्यार्थ्यांचे समाधान सर्वेक्षणही आले, ज्यात विद्यार्थ्यांनाच थेट प्रश्न विचारले जातात. फाईल कितीही जाड असली, तरी ग्रंथालय दुपारी बंद असते हे सांगणाऱ्या विद्यार्थ्याचे तोंड तिने बंद होत नाही. तेव्हा कात्रणे ठेवा, पण आठवड्यातला एक तास विद्यार्थी कार्यालयाच्या खिडकीवर काय विचारतात हे टिपून ठेवण्यासाठी राखा. संकेतस्थळावर काय हवे, ते त्या वहीतून कळेल.

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात जनसंपर्क अधिकारी आहे. पुराच्या दिवसांत "सर्व परीक्षा पुढे ढकलल्या" अशी खोटी परिपत्रके व्हॉट्सॲपवर फिरतात. आमचा खुलासा निघेपर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांनी ती खरी मानलेली असतात. हे रोखायचे कसे?

उत्तर : खोटे परिपत्रक तयार होणे आपल्याला रोखता येणार नाही. ते ज्या पोकळीत पसरते, ती पोकळी कमी करता येते, आणि तिचा मोठा भाग संस्थेच्या आतच तयार होतो.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५० फुटांच्या पुढे गेली होती आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला होता. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. म्हणजे पाणी ३९ फुटांकडे सरकू लागले की परीक्षेचे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात एकाच वेळी उभा राहतो, आणि संस्था मात्र निर्णय झाल्याशिवाय बोलायचे नाही या सवयीने गप्प असते. त्या तासांत खोटे परिपत्रक जिंकते. त्यासाठी निर्णय होण्याआधीच निवेदन काढावे : "उद्याच्या परीक्षेबाबत अद्याप निर्णय झालेला नाही, पुढील माहिती सायंकाळी ६ वाजता याच ठिकाणी दिली जाईल." आणि ६ वाजता, सांगण्यासारखे काही नसले तरी, तेवढेच पुन्हा सांगावे. वरिष्ठांना हे कमीपणाचे वाटते. त्यांना एका पुराचा अनुभव येऊ द्या.

दुसरा घोटाळा अधिकारांचा आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी शाळा-महाविद्यालयांना सुट्टी जाहीर करणे आणि विद्यापीठाने परीक्षा पुढे ढकलणे हे दोन वेगळे निर्णय आहेत, परंतु पालक आणि कधीकधी प्राध्यापकही ते एकच समजतात. त्यातून २००४ मध्ये सोलापूर वेगळे झाल्यापासून शिवाजी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा असे तीन जिल्ह्यांचे आहे. शिरोळ तालुका पाण्यात असतो तेव्हा माण-खटावात पावसाची वाट पाहणे चालू असू शकते, आणि एका जिल्ह्याची सुट्टी दुसऱ्या जिल्ह्यातील परीक्षेला लागू होत नाही. म्हणून प्रत्येक सूचनेत हा निर्णय कोणी घेतला, तो कोणत्या जिल्ह्याला आणि कोणत्या दिवसाला लागू आहे, हे पहिल्याच वाक्यात लिहा. "उपरोक्त विषयास अनुसरून" ही सुरुवात त्या दिवशी तरी बाजूला ठेवावी.

तिसरी बाब क्षुल्लक वाटते, पण नुकसान तीच जास्त करते. अनेक कार्यालयांत सूचना अजूनही जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात, छापतात, सही-शिक्का करतात, स्कॅन करतात आणि ते तिरपे चित्र संकेतस्थळावर चढवतात. ते शोधून सापडत नाही, मोबाईलवर नीट वाचता येत नाही, आणि मुख्य म्हणजे खोटे परिपत्रक दिसायला अगदी तसेच असते. खरी सूचना युनिकोड मजकुरात (म्हणजे मोबाईलवर वाचता आणि शोधता येईल अशा अक्षरांत), जावक क्रमांक आणि वेळेसह, एकाच कायमच्या पानावर टाका. जुनी सूचना काढून न टाकता तिच्यावर "रद्द" असे लिहा, आणि खोटे परिपत्रक फिरू लागले तर त्याचे चित्रही "खोटे" असा ठळक शिक्का मारून त्याच पानावर ठेवा. पाऊस सुरू होण्याआधी वर्गप्रतिनिधींना तो पत्ता माहीत असला पाहिजे. वीज आणि मोबाईलचे जाळे गेले की आकाशवाणी आणि कार्यालयातला फोन एवढेच उरते. तेव्हा फोनवर बसणाऱ्या शिपायाच्या हाती तोच मजकूर कागदावर लिहून द्या.

जो विद्यार्थी कुरुंदवाडहून निघाला आणि वाटेत अडकला, त्याची परीक्षा बुडाली तर पुढे काय, हे मात्र आपल्या लेखणीच्या कक्षेबाहेरचे आहे. त्याचे उत्तर परीक्षा विभागाकडून मे महिन्यातच लिहून घ्या. ते नसेल तर सूचना कितीही सुबक असली, तरी फोन थांबणार नाहीत.

प्रश्न : मी शिरोळचा शेतकरी असून माझ्या मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा आहे. मुलींना शिक्षण मोफत असे वर्तमानपत्रात वाचले, पण महाविद्यालयाने शुल्काचा आकडा सांगितला. "१०० टक्के प्लेसमेंट" अशा पानभर जाहिरातीही पाहतो. खरे कोण सांगते?

उत्तर : आपण वाचलेली बातमी खोटी नव्हती, अपुरी होती. राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेतल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची पूर्ण माफी आहे. वसतिगृहाचा खर्च त्यात येत नाही. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला, तसेच खासगी व अभिमत विद्यापीठांना (म्हणजे विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्थांना) ही सवलत लागू नाही. आपल्याला सांगितलेला आकडा नेमका कशाचा आहे, हे बाबवार लिहून मागा.

आता याच सदरातल्या जनसंपर्काच्या मंडळींसाठी : एवढी माहिती अर्ध्या पानात मावते, मग ती प्रवेशाच्या खिडकीशेजारी का लावलेली नसते? मथळा शासनाचा, जाहिरात एजन्सीची, आणि पालकाच्या संतापाला सामोरा जाणारा माणूस प्रवेश समितीतला किंवा जनसंपर्काचा, अशी ही वाटणी आहे. जाहिरातीचा मजकूर छापायला जाण्यापूर्वी जनसंपर्क अधिकाऱ्याच्या टेबलावरून गेला पाहिजे, आणि पुरावा नसलेला दावा खोडण्याचा अधिकार त्याला असला पाहिजे. भारतीय जाहिरात मानक परिषदेची शैक्षणिक जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वेही दाव्याला पुरावा मागतात.

"१०० टक्के"च्या बाबतीत आपण तीन गोष्टी विचारा : कोणत्या वर्षाचे, किती विद्यार्थ्यांपैकी, आणि मध्यक वेतन, म्हणजे सर्वांचे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, किती. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत, जिची पहिली यादी २०१६ मध्ये आली, भाग घेणाऱ्या संस्थांना ही माहिती भरावी लागते आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते. सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा फलकावर झळकतो. पण तो एका मुलाचा असतो. फलकावर "युनिव्हर्सिटी" शब्द दिसला तरी अभिमत विद्यापीठ आहे का, हे विचारा. नोव्हेंबर २०१७ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा संस्थांना नुसते "युनिव्हर्सिटी" हे नाव लावण्यास मनाई केली होती.

प्रश्न : इचलकरंजी परिसरातील एका शिक्षण संस्थेचा मी सचिव आहे. निकालाच्या विलंबावर विद्यार्थ्यांनी आंदोलन केले आणि ती बातमी ठळकपणे छापून आली. त्या दैनिकाला आम्ही नियमित जाहिराती देतो. आमच्या जनसंपर्क अधिकाऱ्याला ती थांबवता आली नाही. त्याला बदलावे का?

उत्तर : नाही. जाहिरात देऊन आपण जागा विकत घेतली, बातमीदाराचे डोळे नव्हेत. निकाल उशिरा लागला ही वस्तुस्थिती होती आणि तो कोणाच्याही लेखणीने लवकर लागला नसता. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची संगणकीय तपासणी घाईने सुरू केली, कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. मधल्या काळात तारखेमागून तारीख देत राहिल्याने विश्वास किती उडतो, हे त्या वेळी साऱ्या राज्याने पाहिले.

आपल्या अधिकाऱ्याला निकाल लांबणार हे केव्हा कळले, हे एकदा तपासा. बहुतेक ठिकाणी त्याला ते आंदोलनाच्या सकाळी कळते. परीक्षा विभागाच्या बैठकीला त्याला बसवले असते, तर विलंबाचे कारण, नवी तारीख आणि पुढील प्रवेशासाठी तात्पुरते प्रमाणपत्र कोठे मिळेल, एवढे त्याने आठवडाभर आधी सांगितले असते, आणि आंदोलन कदाचित निवेदनावर निभावले असते. शिवाय माहिती दडवून आता फारसे साधतही नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थ्याला तक्रार निवारण समितीकडे आणि पुढे विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येते.

प्रश्न : मी कोल्हापुरात पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी आहे. शैक्षणिक संस्थेत जनसंपर्काचे काम करण्याची इच्छा आहे. पण प्रसिद्धिपत्रक आता कृत्रिम बुद्धिमत्ता लिहून देते. मग मला कोण घेईल? मुलाखतीला कोणते नमुने न्यावेत?

उत्तर : सत्काराच्या बातम्या यंत्र लिहील, आणि कोणाला त्याचे फारसे दुःख होणार नाही. पण अमुक आदेश आपल्या महाविद्यालयाला लागू आहे का, तो कालच्या आदेशाने बदलला का, हे त्याने ठामपणे चुकीचे सांगितले, तर त्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांक, मुख्य आणि गौण विषय, मधूनच बाहेर पडण्याची सोय असा इतका बदल एकदम आला आहे की तो पालकाला समजेल असा मांडणारी माणसे हवी आहेत. पगार सुरुवातीला कमी असतो आणि नेमणूक बहुधा कंत्राटी असते, हेही आताच सांगून ठेवतो.

आणखी एक सवय लावून घ्या. गुणवंतांचे फोटो आणि गुणपत्रिका बेधडक टाकण्याचे दिवस सरत आहेत. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची अपेक्षा धरतो, आणि कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक मुले त्यात येतात.

नमुन्यांविषयी : छापून आलेल्या बातम्यांची फाईल नेऊ नका. वर उल्लेख केलेला जुलै २०२४ चा शासन निर्णय घ्या, तो एका पालकासाठी २०० शब्दांत लिहा, बारावी झालेल्या मुलीच्या आई-वडिलांना वाचायला द्या, आणि त्यांनी विचारलेल्या शंकांनुसार पुन्हा लिहा. पहिला मसुदा, त्यांच्या शंका आणि दुसरा मसुदा अशी तिन्ही पाने मुलाखतीला घेऊन जा.