कुर्डुवाडीचं जुनं शीट आणि ‘सरकलेली’ रेल्वेलाइन

तुमची पोस्ट वाचली आणि माझे तीन रविवार आठवले. १९५०च्या दशकातलं कुर्डुवाडीचं एक इंच-एक मैल शीट (कागदावर एक इंच म्हणजे जमिनीवर एक मैल, असा जुना सर्व्हेचा नकाशा) मोबाइलवर चढवलंत, लाइन आजच्या रुळांच्या बाजूने धावताना दिसली, आणि ‘ब्रॉडगेज करताना मार्ग हलवला असेल’ असं तुम्ही धरून चाललात. मीही अगदी हेच धरून चाललो होतो.

लाइन हलवलेली नाही हो, शीट चुकीचं बसलंय. अक्षांश-रेखांश पृथ्वीचा कुठला आकार धरून मोजलेत, त्यावर जागा ठरते (त्या मापाला डेटम म्हणतात). शीटच्या कोपऱ्यांवरचे एव्हरेस्ट या जुन्या मापाचे, मोबाइलच्या जीपीएसचे डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापाचे. आकडा तोच, पण जमिनीवर आपल्या भागात शंभर-दीडशे मीटरचा फरक पडतो. इथल्या जुन्या नॅरोगेजचा, म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचा, मार्ग ब्रॉडगेज करताना खरा वळवला तो बार्शीच्या पुढे, पांगरी आणि येडशीच्या मधे, धाराशिव जोडण्यासाठी. १८९७ची कुर्डुवाडी-बार्शी लाइन त्यात येत नाही.

मला लाइनकडेच्या गँगचाळीची (रूळ सांभाळणाऱ्या गँगमनच्या वस्तीची) विहीर शोधायची होती. आजोबा तिथे गँगमन होते, काकांचं लहानपण त्या विहिरीवर गेलेलं. मोबाइलवरचा ठिपका धरून ज्वारीच्या धसकटांतून मी काकांना फिरवलं. ते सांगत होते, “अरे, विहीर त्या बाभळींमागं.” मी स्क्रीन त्यांच्यापुढे धरून म्हटलं, नकाशात तसं नाही. ते गप्प बसले. पुढच्या वर्षी चूक कळल्यावर बाभळींमागे गेलो, तर शेतमालकाने जेसीबी लावून विहीर बुजवलेली. काठाचा एक घडीव दगड बांधाला पडला होता, दोराने घासून खाचा पडलेला. काका तोवर राहिले नव्हते.

म्हणून सांगतो, कोपऱ्यांचे आकडे तसेच धरून शीट बसवू नका. क्यूजीआयएसमध्ये (नकाशे बसवायचं फुकट सॉफ्टवेअर) कालियानपूर डेटम, म्हणजे तेच एव्हरेस्टचं माप, निवडा, किंवा जुनं देऊळ, लाइनचं वळण, नाल्यावरचा पूल असे जागचे न हललेले पाच-सहा बिंदू धरा. बाकीच्या पायऱ्या तुम्हाला येतातच.

मी सर्वेअर नाही. हद्दीच्या वादात हे धरू नका, तिथे सरकारी मोजणीच लागते. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाची फुकट शीटं माझ्या मते या कामाची नाहीत: त्यात एक मिलिमीटर म्हणजे अडीचशे मीटर, विहीर काय दिसणार!

आणि छपाईचं साल बघून निष्कर्ष काढू नका. सर्व्हे त्याआधी वीस-तीस वर्षांचा असू शकतो, मग नंतर बांधलेली चाळ त्यात नसणारच. समासाचा स्पष्ट फोटो इथे टाका, सर्व्हेचं साल मी वाचून सांगतो.