लाँगबोर्ड (लांब स्केटबोर्ड) घ्यायचाय. डेक (उभं राहायची फळी), ट्रक (फळीला चाकं जोडणारा धातूचा भाग), चाकं माझ्या चालवण्याच्या पद्धतीला जुळतील अशी कशी निवडू?

तुम्ही लिहिलंय की वजन ७४ किलो आहे, राहायला निगडी प्राधिकरणात, रोज सकाळी अडीच किलोमीटर बोर्डवरून जायचंय. डान्सिंगचे, म्हणजे चालत्या बोर्डवर पावलं टाकायचे, व्हिडिओ बघून तेही शिकावंसं वाटतंय आणि कधीतरी घाटातून खाली उतरायचं मनात आहे. समोर दोन बोर्ड आहेत: ४० इंची बांबूचा ड्रॉप-थ्रू (ट्रक डेकच्या आरपार बसवलेला) आणि ३६ इंची मेपलचा टॉप-माउंट (ट्रक डेकच्या खाली लावलेला).

उत्तर आधी सांगून टाकते. ड्रॉप-थ्रू घ्या. त्याला ७० मिमीची ७८ए, म्हणजे मऊ, चाकं लावा. आणि ट्रकमधले बुश (युरेथेनचे रबरासारखे तुकडे) बदलायला थोडे पैसे बाजूला ठेवा. दुकानात या तिसऱ्या गोष्टीबद्दल सहसा कुणी बोलत नाही, पण बोर्ड तुमचा होणार की घरात भिंतीला टेकून पडून राहणार, हे बरंचसं तिच्यावरच ठरतं.

मी मूळची चिंचवडची. लाँगबोर्ड शिकले बर्लिनमध्ये, टेम्पलहोफर फेल्डवर. तिथला विमानतळ २००८ मध्ये बंद झाला, २०१० मध्ये ते मैदान लोकांना खुलं केलं, आणि २०१४ मध्ये शहराने मतदान करून तिथे बांधकाम होऊ दिलं नाही. त्यामुळे आजही दोन-दोन किलोमीटरच्या धावपट्ट्यांवर सायकली, स्केट्स आणि लाँगबोर्ड फिरताना दिसतात. शिकायला यापेक्षा चांगली जागा मी पाहिलेली नाही. तरीही तिथे पहिले चार महिने माझा बोर्ड वळतच नव्हता. मी झुकायचे, तो सरळच जायचा. मला वाटायचं माझ्या घोट्यांतच जोर नाही. दुकानदाराने 'सगळ्यासाठी चालतो' म्हणून दिलेला बोर्ड होता, त्यामुळे दोष बोर्डात असेल असं मनातही आलं नाही.

एके दिवशी साठीच्या पुढचे एक गृहस्थ थांबले, माझ्या बोर्डवर उभे राहिले, दोन्ही बाजूंना झुकून बघितलं आणि माझं वजन विचारलं. मी म्हटलं ५४ किलो. त्यांनी पाठीवरच्या पिशवीतून पाना काढला, तिथेच गवतावर बसून ट्रक उघडला आणि आतले बुश माझ्या हातात ठेवले. नखाने दाबले तर नख रुतत नव्हतं. मग त्यांनी स्वतःकडचे जुने पिवळे बुश बसवले, नट हाताने फिरवला, पान्याने अर्धा फेरा दिला आणि बोर्ड माझ्याकडे सरकवला. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा धावपट्टीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी गेले. घोटे तेच, डेक तोच, चाकं तीच. बदललं होतं ते फक्त मुठीत मावेल एवढं युरेथेन.

बुश म्हणजे गॅरेजमध्ये आपण गाडीच्या सस्पेन्शनमध्ये ज्याला बुश म्हणतो, तशीच वस्तू. ट्रकच्या मधोमध किंगपिन नावाचा बोल्ट असतो. त्यावर हँगरच्या (चाकांचा आस धरणाऱ्या आडव्या भागाच्या) वर एक आणि खाली एक असे दोन बुश बसतात. तुम्ही झुकता तेव्हा ते दाबले जातात आणि चाकांचा आस वळतो. सोडलं की परत सरळ करतात. त्यांचा कडकपणा 'ए' या मापात सांगतात: आकडा लहान तितका बुश मऊ. नव्या बोर्डमध्ये कंपनी कुठल्या तरी मधल्या वजनाचा अंदाज धरून बुश घालते. तुम्ही त्या वजनाचे असाल तर ठीक. हलके असाल तर बोर्ड ढिम्म राहतो. भारी असाल तर तो लगेच एका अंगाला कलतो आणि जरा वेग आला की थरथरायला लागतो.

माझा अनुभव असा: पन्नाशीतल्या वजनाला ७८ए, सत्तर ते ऐंशी किलोला ८५ए च्या आसपास, नव्वदच्या पुढे ९०ए किंवा जास्त. हे रोजच्या फिरण्यासाठी. नुसतं नागमोडी कार्व्हिंग करायचं असेल तर दोन-तीन आकडे मऊ, वेगासाठी दोन-तीन आकडे कडक. आकारही महत्त्वाचा आहे. सरळ पिंपासारखा बॅरल बुश स्थिर असतो. शंकूसारखा निमुळता 'कोन' बुश पटकन कलतो. तुमच्या ७४ किलोला मी डेककडच्या बाजूला ८५ए चा बॅरल आणि रस्त्याकडच्या बाजूला त्याच कडकपणाचा कोन लावेन. बोर्ड वळेलही आणि पायाखाली भरवशाचाही वाटेल.

बोर्ड ढिला वाटला की किंगपिनचा नट आवळत सुटणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका. आवळून आवळून बुश फुगतो, कडा फाटतात आणि बोर्ड एकदम अडखळत वळतो. वॉशर बोटाने सहज फिरणार नाही एवढाच नट घट्ट हवा. त्यापेक्षा जास्त आवळावा लागत असेल तर बुशच तुमच्या वजनाला मऊ आहे असं समजा. पाना मात्र नीट घ्या. किंगपिनचा नट सहसा ९/१६ इंची असतो. आपल्याकडचा चौदाचा पाना त्यावर बसत नाही, पंधराचा ढिला होतो आणि नटचे कोपरे खातो. स्केट टूल मिळालं तर उत्तम, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातून इंची पाना आणा.

आता डेक. तुम्हाला रोज ढकलत जायचंय, म्हणून मी ड्रॉप-थ्रू म्हणाले. यात ट्रकची पट्टी (बेसप्लेट) डेकच्या वर बसते आणि हँगर डेकला पाडलेल्या खाचेतून खाली जातो, त्यामुळे उभं राहायची जागा टॉप-माउंटपेक्षा साधारण दोन सेंटिमीटर खाली येते. ऐकायला किरकोळ वाटेल, पण प्रत्येक वेळी एक पाय जमिनीला टेकवताना दुसऱ्या पायाचा गुडघा वाकतो, आणि अडीच किलोमीटरमध्ये तो शेकडो वेळा वाकतो. पायाने ब्रेक लावतानाही हाच फायदा: पाय जवळ टेकतो, तोल जात नाही. शिवाय पुढे-मागे चाकांजवळ डेक कापलेला असल्यामुळे चाक डेकला घासायची भीती फारशी राहत नाही.

टॉप-माउंटमध्ये तुम्ही ट्रकच्या वर उभे असता, म्हणून थोडं झुकलं तरी बोर्ड खोल वळतो. तुमचं सगळं चालवणं एखाद्या गुळगुळीत उतारावर कार्व्हिंग करण्याचं असतं तर मी डोळे मिटून तोच सुचवला असता. मला स्वतःला तोच जास्त आवडतो. पण आवड वेगळी आणि सकाळी आठ वाजता वेळेत पोचणं वेगळं.

डेकची लवचिकता तुमच्या वजनाला जुळते का, हे दुकानातच बघा. बोर्डवर मधोमध उभे राहा, सोबतच्या माणसाला खाली वाकून बघायला सांगा. हलकेच उसळी मारली तर डेक खाली लवून परत वर आला पाहिजे, पण जमिनीच्या अगदी जवळ जायला नको. बांबू आणि फायबरग्लासचा डेक खडबडीत रस्त्याचे हादरे बऱ्यापैकी गिळतो, पोटऱ्यांना आराम मिळतो. त्याच लवचिकतेमुळे तो मोठ्या वेगाला मात्र योग्य नाही.

चाकं निवडताना आपल्या रस्त्यांचा विचार करा, व्हिडिओतल्या रस्त्यांचा नाही. प्राधिकरणातले रस्ते रुंद आणि सरळ आहेत ही खरंच चैन आहे, पण वळणांवर सुटी खडी साचते, काँक्रीटच्या रस्त्यांवर आडव्या खाचा असतात आणि सोसायटीच्या आत पेव्हर ब्लॉक. लहान, कडक चाक खडीच्या एका दाण्यावर जागच्या जागी थांबतं. बोर्ड थांबतो, तुम्ही पुढे जाता. ७० मिमीचं मऊ चाक तोच दाणा दाबून वरून जातं. सुट्टीत घरी आले तेव्हा मी एकाच गल्लीत दोन्ही चाकं चालवून बघितली होती. कडक चाकांवर पेव्हर ब्लॉकचा खडखड आवाज तळपायातून दातांपर्यंत पोचतो, दहा मिनिटांत पाऊल बधिर होतं. मऊ चाकांवर आवाज उरतो, पण पाय शाबूत राहतात. ७० मिमीच्या पुढे ७५ पर्यंत जाता येईल, मात्र चाक जितकं मोठं तितकं जड, सिग्नलवरून सुटताना तितकाच जास्त जोर लागतो. चाकाची कडा चौकोनी असेल तर ते रस्ता धरून ठेवतं, गोल असेल तर घसरायला सोपं. तुम्हाला सध्या धरून ठेवणारं हवंय.

बेअरिंगवर जास्त पैसे घालवू नका. बहुतेक सगळ्या बोर्डना ६०८ मापाचंच लागतं: आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. पाकिटावरचा एबेक आकडा खूप वेगाने फिरणाऱ्या यंत्रांसाठी अचूकता सांगतो. धक्के आणि आडवा दाब सोसायची ताकद त्यातून कळत नाही. लहानपणी फळीला जुनी बेअरिंगं ठोकून आम्ही उतारावर गाडी सोडायचो, तेव्हापासून मला एक पक्कं ठाऊक आहे: बेअरिंगचा शत्रू धूळ आणि पाणी. पावसाळ्यात बोर्ड घरी ठेवा. भिजलाच तर चाकं काढून बेअरिंग पुसा, वाळवा, हलक्या तेलाचा एक थेंब द्या.

ट्रकचं थोडक्यात. रिव्हर्स किंगपिनचे (किंगपिनचं तोंड बोर्डच्या टोकाकडे असलेले), १८० मिमी हँगरचे, ५० अंशांच्या बेसप्लेटचे घ्या. वळायला ते मोकळे असतात. ४४ अंशांचे थोडे उशिरा वळतात, म्हणून वेग आवडणारे ते घेतात.

आता डान्सिंग. त्यासाठी खास डेक ४६ ते ४८ इंचांचे, दोन्ही टोकांना सारखे आणि भरपूर लवचिक असतात, कारण त्यावर चालायला जागा लागते. लोडेड कंपनीच्या अशाच एका लांब डेकचं नाव 'भांगडा' आहे, मला त्याचं फार कौतुक वाटतं. तुमच्या ४० इंचांवर क्रॉस-स्टेप (पायावरून पाय टाकत चालणं) आणि साधं पिरूएट (गिरकी) नक्की जमेल. पायऱ्या अंगात बसल्या आणि जागा कमी पडायला लागली की मग लांब बोर्डचा विचार करा. आत्ता लांब घेतलात तर रोज तो खांद्याला लावून जिने चढताना कंटाळाल आणि नेणंच सोडाल.

घाटाबद्दल मात्र माझं स्पष्ट मत आहे: या बोर्डवर नको, आणि उघड्या रहदारीत तर कुठल्याच बोर्डवर नको. पीटर कॉनोली यांनी २०१७ मध्ये कॅनडात क्वेबेकमधल्या उतारावर उभ्याने ताशी १४६.७३ किलोमीटर वेग गाठला, पण डाउनहिल म्हणजे ताठ डेक, अरुंद ट्रक, पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, चामड्याचा पोशाख आणि घसरत थांबण्याचा वर्षानुवर्षांचा सराव. आपल्या घाटात वळणापलीकडून एसटी येते की ट्रक, हे दिसत नाही. मऊ डेकवर वेग वाढला की मागचा ट्रक स्वतःच वळायला लागतो आणि बोर्ड डावी-उजवीकडे फडफडतो. तसं कधी साध्या उतारावर झालं तर मागे रेलू नका. वजन पुढच्या पायावर आणा, गुडघे सैल ठेवा आणि हळूहळू पायाने ब्रेक लावा. आधी सपाट जागेवर पायाचा ब्रेक शिका. एक पाय जमिनीला हलका घासत, दुसऱ्या गुडघ्यात वाकून, हवं तिथे थांबता येईपर्यंत घराजवळचा उतारही टाळा. हेल्मेट पहिल्या दिवसापासून.

बोर्ड घरी आणलात की रस्त्यावर न्यायच्या आधी सतरंजीवर ठेवा. चारही चाकांना खडू फासा, वर उभे राहा आणि दोन्ही बाजूंना जमेल तितकं झुका. मग बोर्ड उलटा करा. डेकच्या खालच्या बाजूला खडूचा डाग दिसला तर चाक तिथे घासतंय. ते एकदा वेगात अडकलं तर बोर्ड जागीच थांबतो. ड्रॉप-थ्रूमध्ये डाग बहुधा दिसणार नाही, पण मऊ बुश आणि ७० मिमीची चाकं एकत्र आली की बघितलेलं बरं. डाग असेल तर थोडा कडक बुश लावा किंवा चाक एक माप लहान घ्या, आणि परत खडू लावून बघा.