आशुराचा रोजा धरायचा म्हणतेस, तर थोडं ऐक

बेटा, अस्सलामु अलैकुम.

तुझा मेसेज रात्री वाचला, पण उत्तर दोन ओळींत होणार नव्हतं म्हणून आज निवांत लिहायला बसलेय. तू विचारलंयस की रमजानच्या बाहेरचा रोजा पहिल्यांदाच धरायचाय, मोहरमच्या 10 तारखेचा, आणि त्याने वर्षभराचे गुनाह माफ होतात हे खरं का. हो, खरंय. सहीह मुस्लिम या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, संग्रहात हजरत अबू कतादा (र.) यांची हदीस आहे, पैगंबरांना (स.) आशुराच्या रोज्याबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले की मला अल्लाहकडून उमेद आहे की तो मागच्या एका वर्षाच्या गुनाहांचा कफ्फारा, म्हणजे भरपाई, होईल, आणि त्याच हदीसमध्ये अराफाच्या, म्हणजे हजच्या महिन्यातल्या 9 तारखेच्या, रोज्याबद्दल मागचं एक आणि पुढचं एक अशी दोन वर्षं सांगितलीयत. म्हणजे तू ऐकलंस त्यात चूक काही नाही, फक्त तुझ्या मेसेजमध्ये सगळा भर याच मुद्द्यावर होता, किती माफ होतं आणि किती नाही, आणि तो वाचून मला वाटलं की हा रोजा मुळात कशासाठी धरला गेला ते तुला कुणी नीट सांगितलंच नसावं.

तो धरला गेला शुक्र, म्हणजे आभार, म्हणून. बुखारी या दुसऱ्या हदीससंग्रहात हजरत इब्ने अब्बास (र.) सांगतात की पैगंबर (स.) मक्का सोडून हिजरत करून मदिनेत आले, तिथले यहुदी आशुराचा रोजा धरताना दिसले, विचारलं की हा काय दिवस आहे, तर ते म्हणाले की या दिवशी अल्लाहने बनी इस्राईलला त्यांच्या दुश्मनापासून वाचवलं म्हणून मूसांनी (अ.) रोजा धरला होता. तेव्हा पैगंबर (स.) म्हणाले की मूसांवर तुमच्यापेक्षा आमचा हक जास्त आहे, आणि स्वतः रोजा धरला, बाकीच्यांनाही धरायला सांगितला. एवढंच आहे बघ, मिसरचा बादशाह फिरऔन याच्या जुलमातून एक अख्खी कौम सुटली आणि त्यांच्या पैगंबराने अल्लाहचे आभार मानले. मला या रोज्यातलं सगळ्यात आवडतं ते हेच, की आपल्यावर नाही तर दुसऱ्या लोकांवर झालेल्या मेहरबानीचा शुक्र आपण शेकडो वर्षांनी उपाशी राहून करतो. म्हणून म्हणते, माफीची उमेद जरूर ठेव पण नियत (मनातला संकल्प) करताना आधी शुक्राची कर, तुला गेल्या वर्षात कशाकशातून सोडवलं गेलं ते आठव, मग दिवसभर भूक लागली तरी ती वेगळी लागते, खरंच.

तसा हा रोजा मदिनेच्याही आधीचा आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा (र.) सांगतात की मक्केतल्या कुरैश कबिल्याचे लोक इस्लामच्या आधीपासून हा दिवस रोज्याने पाळायचे, त्याच दिवशी काबावर गिलाफ (कापडाचं आवरण) चढवला जायचा, आणि पैगंबर (स.) पण मक्केत असताना हा रोजा धरायचे. मग हिजरी सन 2 मध्ये रमजानचे रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाले आणि आशुरा ज्याला धरायचाय त्याने धरावा, ज्याला नाही त्याने सोडावा असा राहिला. हे सोडावा म्हटलेलं पण हदीसमध्येच आहे हे लक्षात ठेव, कारण तुझ्या रूमवर कुणी रोजा नाही धरला तर तिच्याकडे तू वेगळ्या नजरेने बघायचं नाहीस आणि उद्या तुला जमलं नाही तर स्वतःला पण टोचून खायचं नाहीस. नफिल म्हणजे कुणी मागितलेलं नसताना दिलेलं, त्यात जबरदस्ती घुसली की मग काय राहिलं.

आता एकच दिवस की दोन. मोहरम हा चार हराम, म्हणजे पवित्र मानलेल्या, महिन्यांपैकी एक, जिलकद, जिलहिज्ज, मोहरम आणि रजब, सूरह तौबाच्या 36 व्या आयतीत अशा चार महिन्यांचा उल्लेख आहे, आणि रमजाननंतर सगळ्यात अफजल (श्रेष्ठ) रोजे मोहरमचे असं सहीह मुस्लिममध्ये आलंय, म्हणजे या महिन्यात कधीही रोजा धरला तरी चांगलंच. पण आशुराबद्दल पैगंबर (स.) म्हणाले होते की पुढच्या वर्षी राहिलो तर 9 तारखेचा पण धरीन, आणि पुढचं वर्ष यायच्या आत त्यांची वफात झाली. त्यामुळे 9 आणि 10 असे दोन धरणं हे सगळ्यात बरं, 9 चा चुकला तर बरेच लोक 10 आणि 11 धरतात. तुला दोन सलग झेपणार नसतील तर एकटा 10 चा पण रोजा होतो, काही आलिम (धर्माचे जाणकार) त्याला नापसंत म्हणतात पण म्हणून तू अजिबातच सोडून द्यावास असं मला वाटत नाही.

तारीख मात्र फोनवरच्या कॅलेंडरवरून धरू नकोस. हिजरी महिना 29 चा का 30 चा ते चाँदवर ठरतं, वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं असतं म्हणून आशुरा दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. अॅपमध्ये आधीच छापलेली तारीख एका दिवसाने चुकू शकते, तर जिलहिज्जच्या 29 ला संध्याकाळी तुमच्याकडच्या मशिदीतून चाँदचं काय जाहीर होतं ते विचारून घे. आणि हिजरी दिवस मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला, सुरू होतो, म्हणजे 9 ची रात्र ही 8 चा सूर्य मावळला की लागते, यात नवीन लोकांचा हमखास गोंधळ होतो.

नियतबद्दल तू फार घाबरलीयस असं दिसतंय. अरबी वाक्य पाठ नाही म्हणून रोजा होत नाही असं काही नसतं, नियत मनात असते. नफिल रोज्यात तर आणखी सवलत आहे, सहीह मुस्लिममध्ये आयेशा (र.) सांगतात की एके दिवशी पैगंबर (स.) घरात आले, खायला काही आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर म्हणाले की मग माझा रोजा आहे. हनफी, शाफई आणि हंबली या मसलकांचे (धर्मनियमांच्या परंपरांचे) आलिम यावरून म्हणतात की फजरपासून (पहाटेपासून) काही खाल्लं-प्यालं नसेल तर नफिलची नियत दिवस उजाडल्यावर पण करता येते, दुपार व्हायच्या आत करून टाकावी. मालिकी मात्र रात्रीच नियत हवी म्हणतात. तू रात्रीच कर, प्रश्नच मिटला.

सहरी, म्हणजे रोज्याआधीचं पहाटेचं खाणं, चुकवू नकोस. नुसतं पाणी पिऊन झोपायचं आणि मी सहरीशिवाय रोजा धरला म्हणून कौतुक करून घ्यायचं हा प्रकार मला अजिबात आवडत नाही, सहरीत बरकत आहे असं साफ सांगितलेलं असताना ती सोडण्यात कसला मोठेपणा. सहरीची वेळ सुबह सादिकला, म्हणजे पहाट फुटताच, संपते, सूर्योदयाला नाही, तेवढं बघून अलार्म लाव. आणि तुला चहा किती लागतो ते मला माहितीये, तर चार-पाच दिवस आधीपासूनच कमी करत ये, नाहीतर तीनच्या सुमाराला डोकं असं ठणकायला लागतं की समोरची स्क्रीन पण नको वाटते आणि मग रोजा जड गेला असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात त्रास चहा तुटल्याचा असतो. इफ्तारला मगरिब झाली की उशीर करायचा नाही, खजूर असेल तर खजूर, नाहीतर पाण्याचे घोट, आणि दोन रोज्यांच्या मधल्या रात्री नीट जेव, भरपूर पाणी पी, न सोडता सलग उपाशी राहायला आपल्याला मनाई आहे. गोळ्यांचं तू ओझरतं लिहिलंस पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. डोस पुढे-मागे करायचा का, उपाशीपोटी चालतो का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही ठरवू नकोस, आणि ते नको म्हणाले तर नको, फर्ज रोज्यात सुद्धा आजाऱ्याला सूट आहे तर नफिलमध्ये जीव धोक्यात घालायचं काही कारणच नाही. पाळी आली तरी तेच, रोजा नाही, दुआ कर, जिक्र कर, वाईट वाटून घेऊ नकोस.

रमजानचे राहिलेले रोजे अजून बाकी आहेत म्हणालीस. मी तर म्हणेन आधी ते उरक, कारण ते देणं आहे. काही आलिम आधी नफिल चालतो म्हणतात, काही नाही म्हणतात, आणि काहींचं म्हणणं असं की आशुराच्या दिवशी कजाचाच, म्हणजे राहिलेल्यांपैकी, रोजा धरला तर त्या दिवसाच्या सवाबची (पुण्याची) पण उमेद ठेवावी. तुझ्या मसलकच्या जाणकाराला एकदा विचारून घे, फॉरवर्ड वाचून ठरवू नकोस. फॉरवर्डवरून आठवलं, दरवर्षी या दिवसांत फिरतं ना की आशुराला सुरमा घातला तर वर्षभर डोळे येत नाहीत, असल्या गोष्टी हदीसच्या जाणकारांनी फार पूर्वीच बनावट म्हणून बाजूला काढल्यात, तू पुढे पाठवू नकोस.

मधेच रोजा सोडावा लागला तर काय, हे पण विचारलंयस. विसरून खाल्लं तर रोजा तुटतच नाही, अल्लाहनेच खाऊ घातलं समजायचं आणि पुढे चालू ठेवायचं. मुद्दाम सोडावा लागला तर हनफी मसलकात बदल्यात एक रोजा धरावा लागतो, शाफईंमध्ये तसं बंधन नाही. यावर बुखारीतला एक किस्सा मला फार जवळचा आहे. हजरत सलमान फारसी (र.) हे हजरत अबू दरदांच्या (र.) घरी गेले, बघतात तर त्यांच्या बायकोचा अवतार अगदी साधा, कारण विचारलं तर म्हणाली की तुमच्या या मानलेल्या भावाला दुनियेचं काही पडलेलंच नाही. जेवण आलं, अबू दरदा म्हणाले तुम्ही खा, माझा रोजा आहे, सलमान म्हणाले तुम्ही खाल्ल्याशिवाय मी खाणार नाही, शेवटी त्यांनी खाल्लं. रात्री पण अबू दरदा सारखे नमाजला उठायला लागले तर सलमाननी झोपवलं आणि रात्र सरत आल्यावर मग दोघांनी मिळून नमाज पढली. आणि सलमाननी सांगितलं की तुझ्या रबचा तुझ्यावर हक आहे, तुझ्या स्वतःचा तुझ्यावर हक आहे, घरच्यांचा तुझ्यावर हक आहे, ज्याचा त्याचा हक देऊन टाक. पैगंबरांच्या (स.) कानावर गेलं तर ते म्हणाले, सलमान खरं बोलला. तर तुझ्या रोज्यामुळे घरात कुणाची आबाळ होत असेल, आजारी माणसाकडे दुर्लक्ष होत असेल, तू चिडचिड करत असशील, तर तो रोजा त्या दिवशी नको.

आणखी एक, तुझी ती शिया मैत्रीण. हिजरी सन 61 मध्ये याच तारखेला, 10 ऑक्टोबर 680 ला, करबलाच्या मैदानात पैगंबरांचे (स.) नातू हजरत इमाम हुसैन (र.) आणि त्यांचे साथीदार शहीद झाले, त्याआधी फुरात नदीचं पाणी त्यांच्यावर बंद केलेलं होतं, तंबूत लहान मुलं तहानलेली होती. शियांकडे या दिवशी आपल्यासारखा पूर्ण रोजा धरत नाहीत, बरेच जण असरपर्यंत, म्हणजे तिसऱ्या प्रहरापर्यंत, गमात (दुःखात) अन्नपाणी सोडतात आणि मग साध्या कशाने तरी तोंड ओलं करतात. तिला आशुरा मुबारक वगैरे मेसेज करू नकोस, इफ्तारचे फोटो पण टाकू नकोस. आपला शुक्राचा रोजा त्या शहादतीच्या आधीपासून आहे, पण ते दुःख आपलंही आहे, त्यात तुझं-माझं करायचं नाही. तहान लागेल तेव्हा त्या मुलांची आठवण तुला पण येईल.

आता माफीवर परत येते कारण ते अर्धवट सोडलं तर तुझी फसगत होईल. इमाम नववींसारखे आलिम सांगतात की आशुराच्या रोज्याने छोटे गुनाह धुतले जातात, मोठ्यांसाठी तौबा लागते, आणि माणसांचं देणं असेल तर ते त्या माणसाला द्यावंच लागतं. सहीह मुस्लिममध्ये पैगंबर (स.) विचारतात, तुम्हाला माहितीये का कंगाल कोण, आणि मग सांगतात की माझ्या उम्मतमधला कंगाल तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात सगळं घेऊन येईल, पण कुणाला शिवी दिली असेल, कुणावर आळ घेतला असेल, कुणाचा माल खाल्ला असेल, तर त्याच्या नेक्या एकेकाला वाटून संपतील. हे वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. तू लिहिलंयस की रूममेटशी बोलणं बंद आहे, भाड्याच्या पैशावरून, आणि चूक थोडी तुझी पण होती. मग बेटा, 9 च्या सहरीच्या आधी तिचे पैसे देऊन टाक आणि दोन शब्द बोल, ती नाही बोलली तरी तू बोल.

आणि रोजा आहे हे जगाला सांगत फिरू नकोस, कुणी खायला आग्रह केला तर माझा रोजा आहे एवढं म्हण, बास.

डॉक्टर काय म्हणाले ते मला आधी कळव, मगच पुढचं. आणि हो म्हणाले तर 9 च्या सहरीला मी तुला उठवायला कॉल करीन, फोन सायलेंटवर टाकून झोपू नकोस.

खुदा हाफिज.