मिनेसोटात तळ्यावर फिरायला जुनी पाँटून बोट: २००५ ची २४ फुटी, ५० एचपी टू-स्ट्रोक की २०१३ ची २० फुटी, ९० एचपी फोर-स्ट्रोक?

२० फुटीच घ्या, थोडी महाग पडली तरी. तुम्ही सहा जण, त्यात आईबाबा आणि दोन लहान मुलं, एवढ्यांना २० फूट आरामात पुरतं, आणि २४ फुटीला ५० एचपी म्हणजे माणसं भरली आणि समोरून वारा आला की नुसती घरघर, कारण पाँटून म्हणजे पोकळ नळ्यांवर तरंगणारा सपाट डेक, ती उंच आणि सपाट असते, छत लावलं की वारा तिला ढकलतच नेतो आणि धक्क्याला लावताना घाम फुटतो. आम्ही मिशिगनमध्ये जुनीच वापरतो त्यामुळे सांगतो, सोफे आणि स्पीकर बघून भुलू नका, पैसे खातात ते इंजिन आणि डेक. बघायला जाल तेव्हा:

- कार्पेटवर सगळीकडे चालून बघा, विशेषतः मागे इंजिनजवळ आणि गेटपाशी. पाय दबला तर खालचं प्लायवूड कुजलंय.
- इंजिनच्या खालच्या भागातलं गिअर ऑइल थोडं काढायला लावा, दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय.
- मेकॅनिककडून कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घ्या, सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे हवेत.
- खालच्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांवर पोचे किंवा वेल्डिंग केलेल्या जागा आहेत का ते बघा.

फक्त यात २० फुटी नापास झाली, किंवा दर वीकेंडला दहा जण नेणार असाल तर हा हिशोब बदलतो. मग २४ फुटी बघा, पण इंजिन बदलायचा खर्च किमतीत धरून. आणि मिनेसोटात बोट चालू असताना १० वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं आहे, ती मापाची वेगळी घ्या.