शनिवारचं वेड : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर प्रश्न मागवले, तेव्हा चार-दोन येतील असं वाटलं होतं. आली ढीगभर पत्रं, आणि निम्मी आईवडिलांची. आधीच सांगून ठेवतो : हा फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू, हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. लाथ मारण्यापेक्षा यात चेंडू हातात धरून पळणं आणि फेकणंच जास्त.

मुलगा ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठात एमएस करतो. सप्टेंबरपासून शनिवारी फोनच उचलत नाही. विचारलं तर म्हणतो, ‘आई, गेम आहे.’ कॉलेजच्या मॅचला एवढं काय? आणि गर्दीत जाणं सुरक्षित आहे का?
*— एक आई, पुणे*

त्याच्या स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे. ॲन आर्बरची वस्तीच सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे सामन्याच्या दिवशी अख्खं गाव एका खड्ड्यात उतरतं म्हणा ना. नियमित हंगामात एका संघाचे बारा सामने, त्यातले सहा-सात घरच्या मैदानावर. दुपारी बाराचा सामना असेल, तर सप्टेंबर-ऑक्टोबरात पुण्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेदहा. खेळाची मिनिटं साठच, पण सामना सहज साडेतीन तास चालतो. त्यामुळे शनिवारचा फोन सकाळी करा किंवा थेट रविवारी.

सुरक्षिततेचं म्हणाल तर गर्दी शिस्तीची असते. अडचणी येतात त्या बारीकसारीक. तिकीट मोबाइलवर असतं आणि फाटकापाशी नेटवर्क हमखास झोपतं, म्हणून ते घरूनच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्यावं. विद्यार्थ्यांचं तिकीट बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याच्याच नावावर चालतं. बाहेरच्या मित्राला द्यायचं असेल तर आधी फरकाचे पैसे भरून ते बदलून घ्यावं लागतं, नाहीतर मित्र फाटकाबाहेरच राहतो. पाठीवरची सॅक बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. अनेक स्टेडियमांत १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंतची पारदर्शक पिशवी चालते, काही ठिकाणी तीही नाही. तेव्हा नियम आदल्या रात्री वाचावेत.

विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या भागात कुणी बसत नाही. पूर्ण वेळ उभं राहायचं असतं. ओहायो स्टेटविरुद्धचा सामना नोव्हेंबरच्या शेवटी, कडाक्याच्या थंडीत होतो. सिमेंटवर चार तास उभं राहिलं की गारठा तळपायांतून वर चढतो. पायाखाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला तर बराच फरक पडतो. सामन्याआधी पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडून खाणंपिणं चालतं, त्याला टेलगेट म्हणतात. तिथे कुणीही प्रेमाने हातात बिअर ठेवतं. एकवीस पूर्ण नसतील तर घेऊ नये. विद्यार्थी व्हिसावर असताना पोलिसांच्या कागदावर नाव चढणं महागात पडतं.

या खेळाडूंना आता पैसे मिळतात म्हणे. मग ‘विद्यार्थी आहेत, बोलू नका’ हे कशाला? पैसे घेतो त्याने बोलणी खावीत.
*— एक वाचक, डोंबिवली*

‘स्टुडंट-ॲथलीट’ हा शब्द आला कुठून, ते आधी पाहू. १९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजकडून खेळताना रे डेनिसन नावाचा खेळाडू डोक्याला मार लागून मेला. बायकोने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली, ती १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. खेळाडूंना कर्मचारी म्हणावं लागू नये, म्हणून याच काळात एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने, हा शब्द रुजवला. संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे स्वतःच ते लिहून कबूल केलं. म्हणजे शब्द मुळात खेळाडूच्या मायेपोटी आलेला नाही.

पुढची साठेक वर्षं स्टेडियम भरली, टीव्हीचे करार फुगले, कोच कोट्यधीश झाले आणि खेळाडूला मिळत राहिली शिष्यवृत्ती. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिराती करायची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाल्यावर कॉलेजं थेट पैसे देऊ लागली. २०२५-२६ साठी एका कॉलेजची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, आणि तीही सगळ्या खेळांना मिळून. बाहेरचा ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार तपासणीसाठी नोंदवावा लागतो.

आता ही रक्कम वाटली कशी जाते ते बघा. बहुतेक मोठ्या कॉलेजांत तिचा सिंहाचा वाटा फुटबॉलला जातो, आणि त्यातही क्वार्टरबॅकसारख्या, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणाऱ्या खेळाडूसारख्या, मोजक्यांना. फुटबॉलचा संघ १०५ जणांपर्यंतचा असतो. टीव्हीवर चूक करताना दिसलेला तिसऱ्या फळीचा पोरगा लाखो डॉलर कमावतो, असं धरून चालू नका. भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या खेळाडूला तर कामाच्या निर्बंधांमुळे यातलं फारसं काही घेताच येत नाही.

तरी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. पैसे आले तशी खेळावरची टीका कडक व्हायला हरकत नाही. ‘तिसऱ्या डाउनला त्याने चुकीच्या माणसाकडे चेंडू फेकला’ हे जरूर म्हणा (डाउन म्हणजे दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार संधींपैकी एक). पण त्याच्या आईला इन्स्टाग्रामवर शोधून काढणं ही टीका नव्हे. पगारावर त्याचं समर्थन होत नाही, मग तो पगार किती का असेना.

किकर हा प्रकार मला कळतच नाही. सगळा सामना बाकावर बसायचं, येऊन एक लाथ मारायची, तीही चुकते! मग लोक चिडणार नाहीत तर काय?
*— एक वाचक, ह्यूस्टन*

हा प्रश्न आम्हाला आवडला, कारण बहुतेक शिव्या त्या ‘एका लाथे’पायीच पडतात.

फील्ड गोलला, म्हणजे लाथेने चेंडू गोलपोस्टमधून पार करायला, तीन माणसं लागतात. स्नॅपर वाकून पायांमधून चेंडू साधारण सात यार्ड मागे फेकतो. तिथे गुडघ्यावर बसलेला होल्डर तो झेलतो, टोकावर उभा करतो आणि चेंडूवरची शिवण गोलपोस्टकडे वळवतो. तोवर किकरची पावलं सुटलेली असतात. फेकण्यापासून लाथेपर्यंत सगळा मामला सव्वा ते दीड सेकंदात उरकावा लागतो. उशीर झाला तर समोरचा उडी मारून चेंडू अडवतो. स्नॅप फूटभर वर आला, होल्डरचा हात किंचित घसरला किंवा शिवण किकरच्या पायाकडेच राहिली, की चेंडू भरकटतो. टीव्हीवर दिसतो फक्त किकरचा चेहरा. पुढच्या वेळी रिप्ले लागला की आधी होल्डरचे हात बघा.

त्यात कॉलेजचं मैदान व्यावसायिक मैदानापेक्षा कठीण. मैदानाच्या लांबीभर दोन तुटक रेषा असतात. आधीची चाल कडेला संपली, तर पुढच्या चालीला चेंडू त्या बाजूच्या रेषेवर ठेवतात. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, या रेषांमधलं अंतर साडेअठरा फूट, म्हणजे गोलपोस्टच्या रुंदीइतकंच. कॉलेजात ते चाळीस फूट. त्यामुळे कॉलेजच्या किकरला बऱ्याचदा तिरकं मारावं लागतं. अंतर मोजायचं तर चेंडू ज्या यार्डावर आहे त्यात सतरा मिळवा : गोलरेषेमागचे दहा आणि होल्डरपर्यंतचे सात. वीस यार्डांवरून म्हणजे सदतीस यार्डांची किक.

३० नोव्हेंबर २०१३ चा अलाबामा-ऑबर्न सामना घ्या. अलाबामाच्या केड फॉस्टरचे तीन प्रयत्न वाया गेले, त्यातला एक समोरच्यांनी अडवलेला होता. २८-२८ अशी बरोबरी, एक सेकंद शिल्लक. सत्तावन्न यार्डांची शेवटची किक मारली ती दुसऱ्याच किकरने, ॲडम ग्रिफिथने. ती तोकडी पडली. ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने गोलरेषेमागे चेंडू झेलला, अख्खं मैदान पळाला आणि सामना ३४-२८ असा संपला. एवढ्या लांबून किक मारायचा निर्णय कोचचा होता, पण ठार मारायच्या धमक्या आल्या त्या फॉस्टरला. माजी राष्ट्राध्यक्ष धाकटे बुश यांनी त्याला स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून धीर दिला. फॉस्टरच्या जर्सीचा आकडा ४३ आणि बुश अमेरिकेचे ४३ वे अध्यक्ष, म्हणून खाली सही होती ती ‘आणखी एक ४३’ अशी.

चिडायचंच असेल तर माणूस निवडून चिडा. चौथ्या डाउनला किक मारायची की खेळायचं, हे ठरवतो कोच. हंगामाला लाखो डॉलर घेऊन ठरवतो.

मिझुरीत पत्रकारिता शिकते आहे. विद्यार्थी-वृत्तपत्रासाठी फुटबॉल संघाच्या बातम्या करायच्या आहेत. वर्गमित्रांबद्दलच लिहायचं, तर कुठे थांबायचं?
*— एक विद्यार्थिनी, कोलंबिया, मिझुरी*

दोन जुनी प्रकरणं ध्यानात ठेवा. २००७ मध्ये ओक्लाहोमाच्या एका वृत्तपत्रातल्या स्तंभात बॉबी रीड या क्वार्टरबॅकच्या खंबीरपणावर शंका घेतली होती. सामन्यानंतर आई त्याला चिकन भरवत होती, असं एक दृश्यही त्यात होतं. त्याचे कोच माइक गंडी पत्रकार परिषदेत तीन-साडेतीन मिनिटं कडाडले : ‘मी पुरुष आहे, चाळीस वर्षांचा आहे, बोलायचं तर माझ्यावर बोला.’ क्लिप गाजली, गंडी हिरो झाले. रीडला मात्र त्या कडाडण्याचाही फायदा झाला नाही. तो दुसऱ्या कॉलेजात गेला, आणि त्या भाषणाने आपलं नुकसानच झालं असं पुढे म्हणाला. रीड बाकावर का गेला, हा प्रश्न रास्त होता. चिकनची गरज नव्हती.

दुसरं प्रकरण २०१२ चं. नोत्र दामच्या मँटाय टेओची आजी आणि प्रेयसी लागोपाठ वारल्याची करुण कहाणी मोठमोठ्या माध्यमांनी छापली. जानेवारी २०१३ मध्ये डेडस्पिन या संकेतस्थळाने दाखवून दिलं की अशी मुलगी कधी नव्हतीच. टेओलाच कुणीतरी ऑनलाइन फसवलं होतं. ती स्टॅनफर्डची विद्यार्थिनी असल्याचं छापून येत होतं. विद्यापीठाला एक फोन आणि मृत्यूच्या नोंदींचा एक शोध, एवढ्याने ते उघड झालं असतं. गोष्ट फार गोड लागायला लागली की तो फोन आधी करावा.

रोजच्या कामात पाळायचं ते असं. मुलाखत संघाच्या माध्यम अधिकाऱ्यामार्फत मागा, वसतिगृहाच्या जेवणाच्या रांगेत पकडू नका. मेसमध्ये कानावर पडलेलं वाक्य म्हणजे मुलाखत नव्हे. गुण आणि हजेरी १९७४ च्या फर्पा कायद्याखाली, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणाऱ्या कायद्याखाली, येतात, कॉलेज ती तुम्हाला देणार नाही. कुणी गुपचूप दिली, तर का दिली ते आधी विचारा. दुखापतीसाठी डॉक्टर किंवा रूममेटच्या मागे लागू नका. तुमचं कॉलेज एसईसी नावाच्या कॉलेजांच्या ज्या गटात खेळतं, तिथे २०२४ पासून गटांतर्गत सामन्यांआधी कोण खेळणार नाही याची अधिकृत यादी निघते, ती वापरा. आणि हरल्यावर रडणाऱ्या खेळाडूचा जवळून घेतलेला फोटो मुख्य चित्र करण्याआधी संपादकाशी बोला. तो सोमवारी तुमच्याच वर्गात बसणार आहे.

आमचा आवडता खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमधून दुसऱ्या कॉलेजात गेला. याला गद्दारी नाही म्हणायचं तर काय?
*— एक माजी विद्यार्थी, कॉलेज स्टेशन, टेक्सस*

तुमच्याच टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये कोच जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा करारापोटी त्यांना साडेसात कोटी डॉलरांहून जास्त देणं लागत होतं. कोच गेला की तो व्यवहार, आणि पोरगा गेला की गद्दारी?

२०२१ पर्यंत कॉलेज बदलणाऱ्या फुटबॉलपटूला साधारणपणे एक वर्ष सामन्यांबाहेर बसावं लागे, कोचला एक दिवसही नाही. आता खेळाडू कॉलेजच्या नियम-अधिकाऱ्याला लेखी कळवतो आणि दोन कामकाजी दिवसांत त्याचं नाव पोर्टलवर, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्यांच्या यादीत, चढतं. पण त्यात धोका आहे. नाव चढलं की जुनं कॉलेज सत्र संपल्यावर शिष्यवृत्ती थांबवू शकतं, आणि नवं कॉलेज मिळेलच असं नाही. शिवाय जुने सगळे क्रेडिट नव्या ठिकाणी धरले जात नाहीत. दुसऱ्या वर्षापासून दर वर्षाअखेर पदवीचा ठरावीक भाग झालेला असावा, हा नियम फार वर्षांचा. क्रेडिट बुडाले की गडी मैदानावर फिट आणि कागदावर बाद.

ऑफिसातली मंडळी ‘अमुक खेळाडू इतके यार्ड पळेल’ यावर पैसे लावतात. मीही लावू का?
*— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी*

नको. एकाच पोराच्या आकड्यावर लावलेली पैज हरली, की राग थेट त्याच्या इनबॉक्समध्ये जातो. ओहायो, मेरीलँड, व्हरमाँट आणि लुइझियानाने २०२४ मध्ये कॉलेज खेळाडूंवरच्या अशा पैजा बंद केल्या त्या याच तक्रारींमुळे. तुमच्या राज्यात तर रटगर्ससारख्या न्यू जर्सीच्या कॉलेजांवर पैज लावणंच बेकायदा आहे.

जिंकल्यावर विद्यार्थी मैदानात घुसतात, गोलपोस्ट उखडून नेतात. भाची नॅशव्हिलला आहे. तिने काय करावं?
*— एक मावशी, कोल्हापूर*

५ ऑक्टोबर २०२४ ला नॅशव्हिलच्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठाने अलाबामाला ४०-३५ असं हरवलं, तेव्हा पोरांनी गोलपोस्ट खांद्यावर घेऊन शहरातून मिरवत नेला आणि कंबरलँड नदीत टाकला. एसईसी गटाने कॉलेजला एक लाख डॉलर दंड केला. गंमत वाटते खरी, पण ते लोखंड कुणाच्या डोक्यावर पडेल याचा नेम नसतो. चेंगराचेंगरी होते ती कठड्यावरून खाली उड्या पडतात तिथे. भाचीला सांगा, शेवटच्या पाच मिनिटांत खालच्या दहा रांगा सोडून वर जायचं. मैदानात उतरलीच तर गोलपोस्टपासून लांब राहायचं, आणि हरलेला संघ ज्या बोगद्यातून आत जातो त्याच्या तोंडाशी मोबाइल उगारून उभं राहायचं नाही.